घरातील विजेचा साठा : किती, कसला आणि कशासाठी

(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



आपल्या संमेलनांत आजवर विवाहखर्च, शिष्यवृत्त्या, कुलवृत्तांत अशा विषयांवर व्याख्याने झाली. यंदा मंडळाने आम्हांस बॅटरीवर बोलावयास सांगितले, तेव्हा वडीलधाऱ्या मंडळींपैकी कोणाच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील तर त्यात नवल नाही. परंतु अलीकडे आपल्यापैकी कित्येक घरांवर सौर पॅनेले चढली आहेत, आणि 'आता एखादी मोठी बॅटरी घेऊन टाकावी काय?' हे विचारावयास येणाऱ्या गृहस्थांची आमच्या ओटीवर सारखी ये-जा असते. प्रत्येकास निरनिराळे सांगत बसण्यापेक्षा एकदाच सर्वांसमोर बोलावे, आणि ते स्मरणिकेत छापले जावे, असे चिटणिसांचे म्हणणे पडले. ते आम्ही शिरसावंद्य मानले. या विषयात आम्ही एकदा ठेच खाल्लेली आहे, एवढाच आमचा अधिकार.

आरंभ २०२० सालापासून करणे योग्य होईल. त्या वर्षी ३ जून रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्याला भिडले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्याने श्रीवर्धन, मुरुड, दिवेआगर या पट्ट्यातील पोफळीच्या बागा कशा आडव्या केल्या, हे येथे बसलेल्या अनेकांनी स्वतः पाहिले आहे. विजेचे खांब तर काडीसारखे मोडले. काही गावांत तारा पुन्हा जिवंत होईपर्यंत आठवड्यामागून आठवडे लोटले. आमच्या घरावर २०१८ सालीच तीन किलोवॅटची पॅनेले बसविलेली होती. वादळात मांगरावरचे पत्रे उडाले, परंतु ती पॅनेले, देवाची कृपा म्हणा की लोहाराची, जागची हालली नाहीत. दोन दिवसांनी लख्ख ऊन पडले. आम्ही मोठ्या आशेने खटका वर केला. दिवा लागला नाही. डोक्यावर तीन किलोवॅटचा सूर्य आणि घरात रॉकेलचा कंदील, अशी ती अवस्था होती! शेजारच्यांनी सभ्यपणे काही विचारले नाही, एवढेच.

यात यंत्राचा दोष नव्हता. आमच्या अज्ञानाचा होता. नेटमीटरिंगसाठी घरोघर बसविला जाणारा साधा इन्व्हर्टर बाहेरच्या तारेतील विजेच्या ठेक्यावरच चालतो. बाहेरचा प्रवाह नाहीसा झाला की त्याने तत्काळ बंद पडावे असा नियमच आहे, आणि तो नियम शहाणपणाचा आहे. कारण आपली वीज उलट दिशेने तारेत शिरली, तर खांबावर चढून दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा जीव जाईल. वीज मंडळाचा तो कर्मचारीही कोणाचा तरी मुलगा असतो. म्हणून केवळ पॅनेले घेतल्याने विजेचे बिल उतरते खरे, पण वीज गेली असता घर अंधारातच राहते. ही गोष्ट विकणाऱ्याने सांगावयास हवी होती आणि आम्ही विचारावयास हवी होती. दोघांनीही आपले कर्तव्य केले नाही.

ही उणीव जो भरून काढतो त्यास हायब्रिड इन्व्हर्टर म्हणतात. पॅनेले, बॅटरी आणि बाहेरची तार या तिहींस तो एकत्र सांभाळतो. बाहेरची वीज गेली की घराचा संबंध तारेपासून तोडतो आणि घरापुरता निराळा ठेका धरून बॅटरीतून व पॅनेलांतून वीज पुरवितो. हा बदल सेकंदाच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागात होतो. पंख्यास तो कळतही नाही. ज्यांच्याकडे जुना साधा इन्व्हर्टर आहे त्यांस तो मोडीत काढावाच लागतो असे नाही. काही हायब्रिड इन्व्हर्टर जुन्यास आपल्या आश्रयाने चालवितात. पण तशी सोय त्या विशिष्ट जोडीत आहे की नाही, हे लेखी मागून घ्यावे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. 'किती मोठी बॅटरी घ्यावी?' असे जो कोणी विचारतो त्यास आम्ही उलट विचारतो, 'वीज गेल्यावर तुमच्या घरात काय चालू राहिलेच पाहिजे?' बहुतेकांनी याचा विचार केलेला नसतो. 'सगळे चालावे' असे उत्तर येते. सगळे चालवावयाचे तर आपल्या उत्पन्नाचा फार मोठा भाग त्यात जाईल. लग्नात एकदा पोळीत तूप किती वाढावयाचे हे ठरले की मग तुपाचा डबा किती मोठा हे आपोआप ठरते. येथे मात्र मंडळी आधी डबा विकत घेतात.

आमच्यापुरते हे उत्तर नियतीनेच दिले. आमच्या थोरल्या वहिनी, वय वर्षे ८१, फुप्फुसाच्या जुन्या विकाराने गेली काही वर्षे आजारी आहेत. त्यांस प्राणवायू देणारे यंत्र, ज्यास कॉन्सन्ट्रेटर म्हणतात, ते अहोरात्र लावावे लागते. मुंबईस मुलाकडे त्यांचे मन रमेना. 'मरावयाचे तर आपल्या माजघरात' असे म्हणून त्या गावी परत आल्या. मग ज्या गावात पावसाळ्यात वीज जाणे ही वार्ता नसून वीज असणे ही वार्ता असते, त्या गावात ते यंत्र कसे चालावे, हा आमच्या घरापुढील प्रश्न झाला.

आम्ही पाटी-पेन्सिल घेऊन बसलो. कॉन्सन्ट्रेटर ३५० वॅटचा. चोवीस तासांस ८.४ युनिट. शीतकपाट दीड युनिट. त्यात वहिनींची इन्सुलिनही असते, म्हणून ते वगळता येत नाही. नव्या पद्धतीचे कमी वीज खाणारे चार पंखे, प्रत्येकी ३० वॅटचे, बारा तास धरून १.४४ युनिट. आठ दिवे सहा तास, अर्ध्या युनिटास थोडे कमी. विहिरीवरचा एक अश्वशक्तीचा पंप अर्धा तास, अर्धे युनिट. दूरध्वनी व तत्सम किरकोळ, पाव-अर्धे युनिट. एकूण साडेबारा युनिटांच्या आसपास. याशिवाय एक खर्च असा आहे की जो कोणी विक्रेता आपण होऊन सांगत नाही. मोठा हायब्रिड इन्व्हर्टर काही न करता नुसता जागा राहण्यासाठी पन्नास ते शंभर वॅट वीज स्वतःच खातो. आमचा साठ वॅट खातो. दिवसास जवळजवळ दीड युनिट झाले! चार पंख्यांचा खर्च हा घरजावई एकटा करतो. तेव्हा हिशेब चौदा युनिटांवर गेला.

वातानुकूलन यंत्र, पाणी तापविण्याचा गीझर, इस्त्री आणि धुण्याचे यंत्र यांस आम्ही या यादीतून काढून टाकले. त्यावरून घरात थोडी कुरबुर झाली. नातवंडांचे म्हणणे असे की उन्हाळ्यात वातानुकूलन नसेल तर मुंबईहून कोण येईल? आम्ही म्हटले, वीज असेल तेव्हा लावा. फरक वीज नसेल त्या वेळेचा आहे. यादी करताना आपल्या घरातही असेच होईल. ते होऊ द्यावे. हे भांडण खरेदीपूर्वी झालेले बरे. तसेच, ही यादी अंदाजाने करू नये. यंत्रावरच्या पट्टीवर छापलेला आकडा आणि प्रत्यक्ष खप यांत बरेच अंतर असते. आमच्या जुन्या शीतकपाटाने मोजणीत दिवसास अडीच युनिट खाल्ले. ते बदलून नवे घेतले, तेव्हा ते दीडावर आले. ते बदलावयास जो खर्च आला तो तेवढ्या जास्तीच्या बॅटरीपेक्षा कमी होता.

आता पाणी येते त्या बाजूचा विचार. एक किलोवॅटचे पॅनेल आपल्याकडे वर्षाच्या सरासरीने दिवसास सुमारे चार युनिट देते. परंतु सरासरीने पावसाळा निभत नाही. आषाढ-श्रावणात कोकणात हे उत्पन्न निम्म्यावर येते आणि झडीच्या दिवशी त्याहूनही खाली जाते. आम्ही पुढे पॅनेले पाच किलोवॅटपर्यंत वाढविली. झडीच्या दिवशी त्यांकडून दहा युनिट मिळाली तर ती पदरात पडली असे समजतो. खर्च चौदा, उत्पन्न दहा. चाराची तूट, आणि बॅटरीत भरून पुन्हा काढण्यात जी गळती होते ती धरून पाचाची. आमची बॅटरी ५१.२ व्होल्ट आणि ३१४ अँपिअर-तासांची आहे. गुणाकार केल्यास सोळा युनिट होतात. त्यातील नव्वद टक्के वापरावी असा शिरस्ता धरला तर चौदा-साडेचौदा. म्हणजे आकाश काळेकुट्ट असले तर ही 'मोठी' बॅटरी जेमतेम एक दिवस पुरते. पाऊस पडत असला पण उजेड असला, तर तीन दिवस. त्यानंतर काय? त्यासाठी आम्ही लहानसे जनित्र ठेवले आहे, आणि इन्व्हर्टर घेताना त्यास जनित्र जोडण्याची वेगळी सोय आहे ना, हे पाहून घेतले. शिवाय डॉक्टरांच्या सांगण्यावरून वहिनींच्या खोलीत प्राणवायूचा भरलेला सिलिंडर कायम असतो. ज्या घरात असा रुग्ण आहे त्याने बॅटरी आली म्हणून सिलिंडर परत करू नये. यंत्र ते यंत्र.

येथे दोन शब्दांचा घोटाळा दूर केला पाहिजे, कारण याच घोटाळ्याने आम्हांस फसविले. किलोवॅट निराळा आणि किलोवॅट-तास, म्हणजे आपले युनिट, निराळे. बॅटरी हा रांजण आहे. त्यात पाणी किती मावते ते युनिटांत मोजतात. इन्व्हर्टर ही त्या रांजणाची तोटी आहे. एका वेळी किती जोराने पाणी येईल ते किलोवॅटांत मोजतात. रांजण मोठा आणि तोटी बारीक असली तर पाणी पुष्कळ असूनही घागर भरत नाही.

आमच्या विक्रेत्याने (त्याचे नाव सांगण्यात अर्थ नाही, तो आता सुधारला आहे) घर पाहिले, छतावर तीन किलोवॅटची पॅनेले पाहिली, आणि तीन किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर ठरविला. साध्या इन्व्हर्टरच्या बाबतीत ही रीत बरोबर आहे. तेथे इन्व्हर्टर पॅनेलांच्या मापाचा घेतात. परंतु बॅटरीवर घर चालवावयाचे असेल तर इन्व्हर्टर घरातील भाराच्या मापाचा असावा लागतो, हे त्याच्या ध्यानी आले नाही, आणि आम्हीही सोळा युनिटांच्या बॅटरीकडे पाहून इतके हुरळलो की तोटी पाहिलीच नाही. तसे पाहता आमचा चालू भार तीन किलोवॅटच्या आत होता. पंपासह बेरीज केली तरी पावणेदोन किलोवॅट. मग बिघडले काय?

बिघडविले पंपाने. मोटार एकदा फिरू लागली की गरीब असते. पण जागची उठताना क्षणभर आपल्या नेहमीच्या खपाच्या पाच-सहापट प्रवाह ओढते. बाहेरची वीज असताना हा धक्का बाहेरची तार सोसते, कारण त्या वेळी इन्व्हर्टर केवळ वाट मोकळी करून देतो. म्हणून बसविल्यापासून तीन आठवडे सर्व काही उत्तम चालले होते. आम्ही विक्रेत्यास नारळही दिला होता. मग एका सायंकाळी वीज गेली. दिवे चालू राहिले. सर्वांनी समाधान व्यक्त केले. थोड्या वेळाने टाकीतील पाणी संपले म्हणून गड्याने पंपाचा खटका दाबला, आणि त्या क्षणी संपूर्ण घर काळोखात बुडाले. इन्व्हर्टरने जास्त भार आला म्हणून स्वतःस वाचविले आणि आपल्याबरोबर सर्वांस बंद केले. अंधारात वहिनींच्या यंत्राची धोक्याची शिट्टी मात्र एकसारखी वाजत होती. सिलिंडर जोडेपर्यंत तीन-चार मिनिटे गेली असतील. वहिनी एका शब्दाने बोलल्या नाहीत. आमच्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ दुसऱ्या दिवशीही होते.

तो इन्व्हर्टर बदलून पाच किलोवॅटचा, आणि काही सेकंदांपुरता दुप्पट भार सोसणारा घेतला. वरची रक्कम आम्ही भरली आणि त्यासाठी दोन महिने पत्रव्यवहार करावा लागला. याशिवाय वहिनींच्या खोलीचा भार आणि पंपाचा भार यांच्या तारा वेगळ्या केल्या, व पंपास हळूहळू सुरू करणारे उपकरण लावले. तेव्हा आपणांस विनंती अशी की, इन्व्हर्टर घेताना तीन आकडे लेखी मागावे. सतत किती किलोवॅट, क्षणिक किती आणि किती सेकंद, आणि हे सर्व बाहेरची वीज नसताना किती. तिसऱ्या प्रश्नावर विक्रेता घुटमळला तर उठून यावे. ज्यांच्या घरी तीन फेजची जोडणी आहे त्यांनी आणखी एक विचारावे. एका फेजचा इन्व्हर्टर घेतल्यास उरलेल्या दोन फेजांवरील खोल्या अंधारातच राहतील, आणि तीन फेजचा पंप तर मुळीच चालणार नाही.

बॅटरी कसल्या प्रकारची घ्यावी, यावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. शिशाची ट्यूब्युलर बॅटरी आपल्या परिचयाची आहे. ती स्वस्त व विश्वासू आहे, आणि दोन पंखे व चार दिवे एवढीच गरज असेल त्याने खुशाल तीच घ्यावी. परंतु १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासांच्या अशा एका बॅटरीत १.८ युनिट मावतात आणि त्यातील निम्मीच वापरली तर ती टिकते. आमच्या गरजेस अशा सोळा लागल्या असत्या, प्रत्येकी पन्नास किलोंहून जड. त्यांत डिस्टिल्ड पाणी घालावयास एक माणूसच ठेवावा लागला असता. मोठ्या साठ्यासाठी लिथियम आयर्न फॉस्फेट हाच आजचा योग्य पर्याय आहे. या रसायनाचा मार्ग अमेरिकेत टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेने १९९० नंतरच्या दशकात दाखविला. लिथियम-आयन बॅटरीवरील कार्याबद्दल २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक ज्या तिघांस मिळाले त्यांत ते होते, आणि त्या वेळी त्यांचे वय ९७ होते. आपल्यातील निवृत्त मंडळींनी याची नोंद घ्यावी! लिथियमच्या इतर प्रकारांपेक्षा हे रसायन तापल्यावर सहजी भडकत नाही, म्हणून घरात ठेवावयास ते बरे. बरे म्हणजे निर्धोक नव्हे. आयईसी ६२६१९ या सुरक्षितता-मानकाचे प्रमाणपत्र नेमक्या त्याच नमुन्याचे आहे का, हे कागद हातात घेऊन पाहावे. बॅटरीतील रक्षक-यंत्रणा आणि इन्व्हर्टर यांचे एकमेकांशी संभाषण व्हावे लागते. इन्व्हर्टरच्या कंपनीने मान्य केलेल्या बॅटऱ्यांची यादी असते. आपली बॅटरी त्या यादीत नसेल तर 'चालते साहेब' या दोन शब्दांवर विसंबू नये.

हमीपत्रही चष्मा लावून वाचावे. 'दहा वर्षे' हे ठळक असते. त्याखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते की दहा वर्षे अथवा अमुक इतकी एकूण वीज वाहून जाईपर्यंत, यांपैकी जे आधी होईल ते. शेवटी शिल्लक राहावयाची क्षमता बहुधा मूळच्या साठ-सत्तर टक्के धरलेली असते. आणि 'सहा हजार वेळा भरता येईल' हा आकडा पंचवीस अंशांच्या थंड खोलीतला असतो. आपल्या पत्र्याच्या पडवीतला नव्हे. उष्णता ही या बॅटरीची खरी वैरीण आहे. म्हणून ती गच्चीवरच्या खोलीत ठेवू नये. झोपावयाच्या खोलीत अथवा बाहेर पडावयाच्या एकमेव जिन्याखालीही ठेवू नये. आमची मागील पडवीत, उत्तरेच्या भिंतीस, जमिनीपासून दीड हात उंच लोखंडी घोडीवर आहे. तिचे वजन सव्वाशे किलोंच्या घरात असल्याने मातीच्या भिंतीस टांगण्याचा विचार आम्ही सोडला. खारी हवा सर्वकाही खाते, म्हणून घोडीस दरवर्षी रंग द्यावा लागतो.

तारांविषयी एवढेच सांगतो. पाच किलोवॅट भार पन्नास व्होल्टांच्या बॅटरीतून ओढला म्हणजे शंभर अँपिअर प्रवाह होतो. एक बोल्ट सैल राहिला तर तेथे चूल पेटते. म्हणून बसविणाऱ्याने मोजक्या जोराने बोल्ट आवळण्याचा पाना आणला आहे काय ते पाहावे, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासून घ्यावे. अर्थिंगच्या बाबतीत आपल्या भागाची अडचण विशेष आहे. जांभ्याच्या कातळात जमिनीचा रोध फार असतो, आणि वळवाच्या व परतीच्या पावसात विजा तर आपल्यावरच पडतात. एक सळई ठोकून 'झाले' म्हणणाऱ्यास पैसे देऊ नयेत. रोध मोजून आकडा कागदावर लिहून घ्यावा.

आता द्रव्याचा प्रश्न. १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटांस प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यास १८,०००, मिळून अधिकात अधिक ७८,००० रुपये अनुदान ठरविले गेले. ते पॅनेलांच्या क्षमतेवर आहे. बॅटरीवर नाही. म्हणून 'अनुदानात बॅटरी' असे कोणी सांगेल तर सावध व्हावे. आणि एक घरगुती बाब. अर्जातील नाव व वीजबिलावरील नाव जुळावे लागते. आपल्यातील कित्येक घरांत मीटर अजून कैलासवासी आजोबांच्या नावावर आहे, सातबारा पाच चुलत्यांच्या नावावर, आणि छत कोणाचे याचा वाद न्यायालयात! ज्यांस पुढे-मागे हे काम करावयाचे आहे त्यांनी नाव बदलण्याचा अर्ज आजच द्यावा आणि भावांची लेखी संमती घ्यावी. पॅनेले पंचवीस वर्षे टिकतात. भावांतील सामोपचार तितका टिकेलच असे नाही.

बॅटरीने पैसा वाचतो काय? आमचे स्पष्ट मत असे आहे की, ज्यास नेटमीटरिंग मिळाले आहे त्याचा जादा साठा बाहेरची तारच सांभाळते आणि त्यासाठी निराळी बॅटरी घेऊन बिलात फारसा फरक पडत नाही. बॅटरी ही बचत नव्हे, विमा आहे. विम्याचा हप्ता धोक्याच्या मानाने असावा. ज्यांच्या शहरातील घरी महिन्यातून एकदा अर्धा तास वीज जाते, त्यांनी सोळा युनिटांचा साठा घेण्यात हौसेवाचून दुसरे कारण आम्हांस दिसत नाही. गेल्याच महिन्यात पुण्याच्या एका स्नेह्यास आम्ही पाच युनिटांवर थांबविले. ते थोडे हिरमुसले. शेजाऱ्याकडे दहाची आहे म्हणे. नियम व दर वरचेवर बदलत असतात, यास्तव खरेदीच्या दिवशीचे दरपत्रक पाहूनच हिशेब मांडावा, आमच्या आजच्या बोलण्यावरून नव्हे.

शेवटी चाचणीविषयी. पैशाचा अखेरचा हप्ता देण्यापूर्वी विक्रेत्यास समोर उभे करून मुख्य खटका स्वतःच्या हाताने खाली ओढावा, आणि मग यादीतील प्रत्येक वस्तू, पंपासह, एकामागून एक चालू करावी. आम्ही पहिल्या खेपेस हे केले नाही. दुसऱ्या खेपेस संपूर्ण रात्रभर केले. सायंकाळी सात वाजता खटका ओढला तेव्हा बॅटरी ९६ टक्के भरलेली होती. वहिनींस आधी सांगितले होते, सिलिंडर उशाशी होता, आणि आमचा धाकटा मुलगा रात्रभर माजघराच्या उंबऱ्यावर बसून होता. पंप पहाटे साडेपाचला मुद्दाम लावला. दिवे किंचितसुद्धा मंदावले नाहीत. सहा वाजता बॅटरीत ४६ टक्के शिल्लक होती. वहिनींनी उठल्यावर विचारले, 'वीज आली का रे?' आम्ही म्हटले, 'गेली होती कुठे?'

विजेचा खप मोजण्यासाठी आम्ही दोन मापके घेतली आहेत. एक भिंतीतील सॉकेटात बसते, दुसरे तारेभोवती चिमट्यासारखे लावावयाचे आहे. दोन्ही आजपासून संस्थेच्या कार्यालयात ठेवीत आहोत. ज्यांस आपल्या घरची यादी करावयाची असेल त्यांनी ती आठ दिवसांसाठी न्यावी, नेताना चिटणिसांच्या वहीत सही करावी, आणि चिमट्याचे मापक मुख्य फळ्यावर लावावयाचे असेल तर ते वायरमनच्याच हातून लावून घ्यावे.